सात सीटची गाडी, तीन कारसीट आणि एक मोजपट्टी

तिसरं बाळ येणार हे कळल्यावर घरात नावांवर खल सुरू झाला. माझ्या डोक्यात मात्र गाडीची मागची सीट फिरत होती. थोरली सात वर्षांची, तिला अजून बूस्टर लागतो, म्हणजे गाडीचा बेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक. मधला साडेतीन वर्षांचा, त्याची पाच पट्ट्यांची कारसीट. आणि येणाऱ्या बाळाला मागे तोंड करून बसवायची सीट.

एका सुट्टीच्या दिवशी आमच्या दोन आणि बहिणीकडून उसनी आणलेली बाळाची, अशा तिन्ही सीट जुन्या गाडीत ओळीने मांडून पाहिल्या. मांडल्या गेल्या, पण दार लागेना. नवरा म्हणाला, "जरा जोरात लाव." जोरात लावलं तर लागलं, पण थोरलीच्या बेल्टचं बक्कल बूस्टरखाली गडप झालं होतं. ती बिचारी दहा मिनिटं बोटांनी चाचपडत होती. त्या संध्याकाळी मी शिवणकामाच्या डब्यातली मोजपट्टी काढली. 44, 44 आणि 47 सेंटिमीटर, म्हणजे 135. मागची सीट एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत 130. पाच सेंटिमीटरसाठी गाडी बदलायची, हे नवऱ्याच्या पचनी पडायला आठवडा गेला.

लहान मिनीव्हॅनच घ्यायची, हे मात्र लवकर ठरलं. मोठी व्हॅन आमच्या पार्किंगच्या जागेत शिरणार नव्हती. उंच, दणकट दिसणाऱ्या गाड्यांत तिसरी रांग असते, पण तिथे पोचायचं म्हणजे कसरत. आतून पेटीसारखी चौकोनी, छत उंच आणि जमीन सपाट, हा मिनीव्हॅनचा साधेपणाच मला हवा होता. या आकाराच्या गाड्यांची लाट आणणारी रेनॉ सिनिक 1996 साली आली. तिला मागे एकसंध बाकाऐवजी तीन सुट्या सीट होत्या. 1999 च्या ओपेल झाफिराने तिसरी रांग जमिनीत दुमडून ठेवायची सोय केली. "आम्हाला या दोघींचं लग्न लावलेली गाडी हवी," असं मी नवऱ्याला सांगायचे.

पहिल्या शोरूममध्ये विक्रेत्याने मोठा पडदा, रंगीत दिवे, फोनवरून चालू होणारा एसी असं सगळं कौतुकाने दाखवलं. मी कारसीटचं विचारल्यावर म्हणाला, "सेव्हन सीटर आहे मॅडम, मुलांचा प्रश्नच नाही." मग मी आमच्या गाडीची डिकी उघडून तिन्ही सीट एकेक करून बाहेर काढल्या. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

आयसोफिक्स म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या दोन लोखंडी कड्या. सीटच्या पाठीच्या आणि बैठकीच्या फटीत त्या लपलेल्या असतात, कारसीटचे दोन हात त्यांत खटकन अडकतात. दोन कड्यांमधलं अंतर 28 सेंटिमीटर. त्या गाडीत मधली रांग म्हणजे 60-40 मध्ये दुभंगलेला बाक होता आणि कड्या फक्त दोन्ही टोकांना. मधल्या जागेसाठी उजवीकडची एक आणि डावीकडची एक कडी वापरली तर? मी विचारलंच. विक्रेता "चालेल की" म्हणाला. तसं चालत नाही. गाडी आणि सीट या दोन्हींच्या पुस्तिकांत स्पष्ट परवानगी असल्याशिवाय हा जुगाड करायचा नाही. मधली सीट बेल्टने बसवता आली असती, पण तिथली बैठक इतकी अरुंद आणि मधोमध फुगीर की सीट डुगडुगत राहिली. बेल्ट जिथून जातो तिथे धरून हलवल्यावर सीट अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली तर ती नीट बसलेली नाही. ही तर चांगली चार बोटं हलत होती.

दुसऱ्या गाडीत मधल्या रांगेत तीन सुट्या सीट आणि तिन्हींना आयसोफिक्स. मला वाटलं, झालं काम. पण दुरून डोंगर साजरे. सुट्या सीट एकेकट्या अरुंदच होत्या, आणि आयसोफिक्सने एकदा सीट अडकली की ती डावी-उजवीकडे एक सेंटिमीटरही सरकत नाही. बेल्टने बसवलेली सीट निदान थोडी दाराकडे ढकलता येते. तिन्ही कारसीटचे कान एकमेकांत अडकले. "कान" म्हणजे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असलेले जाड पंख. तासभर आम्ही सीटची अदलाबदल करत होतो: बाळाची मध्ये, मग बूस्टर मध्ये, मग मधल्याची. शेवटी नवऱ्याला सुचलं की या सीट पुढे-मागे सरकतात. मधली थोडी पुढे घेतली आणि कान एकमेकांना चुकवून बसले. गेला आठवडाभर "गाडी ती गाडी" म्हणणाऱ्या माणसाकडून हे निघालं, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

तरी ती गाडी नाकारली. कारण पायाखाली होतं, अक्षरशः. बाळाच्या सीटच्या तळाला पुढे एक सपोर्ट लेग असतो, गाडीच्या जमिनीवर टेकणारा धातूचा पाय. धडकेत सीट पुढे झुकू नये म्हणून तो असतो. त्या गाडीत मधल्या रांगेच्या पायाशी सामान ठेवायचे छुपे कप्पे होते, आणि पाय नेमका एका कप्प्याच्या झाकणावर येत होता. झाकण पोकळ. पुस्तिकेत लिहिलं होतं की झाकणावर पाय टेकवू नये. काही गाड्यांत कप्प्यात बसवायचा खास ठोकळा मिळतो, या गाडीसाठी तो नव्हता. शोरूममधल्या कुणालाच हे ठाऊक नव्हतं. मी पान उघडून दाखवलं तेव्हा तिघे जण वाकून वाचत होते.

पुस्तिका वाचायची सवय मला उशिराच लागली. वरच्या पट्ट्याची, म्हणजे टॉप टेदरची गोष्ट सांगते. पुढे तोंड करून बसवायच्या बऱ्याच सीटना पाठीमागून एक पट्टा येतो, तो गाडीतल्या ठरलेल्या कडीला अडकवायचा असतो. जुन्या गाडीत मी तो तब्बल दीड वर्ष सामान बांधायच्या कडीला अडकवत होते. दोन्ही दिसायला सारख्या. टेदरच्या कडीजवळ नांगराचं चिन्ह असतं, हे तिसऱ्या शोरूममधल्या एका तरुण मेकॅनिकने सहज बोलता बोलता सांगितलं. मी गप्प बसले. घरी येऊन नवऱ्यालाही दोन दिवस सांगितलं नाही.

याच काळात बाळाच्या सीटबद्दल सासूबाईंशी वाद झाला. त्यांचं म्हणणं, "मागे तोंड करून बसवल्यावर बाळ आपल्याला दिसणार कसं? सहा महिन्यांनी पुढे वळवून टाक." त्यांना मी सांगितलं की नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असतं आणि मान कच्ची. समोरून धडक बसली की पुढे तोंड केलेल्या बाळाचं डोकं पुढे झोकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल तर पाठ, मान, डोकं मिळून सीटच्या पाठीत दाबली जातात. आय-साइज, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा आर129 हा नियम 2013 पासून आहे. त्यात निदान 15 महिने मागे तोंड सक्तीचं आहे आणि सीट वजनाऐवजी मुख्यतः उंचीवरून निवडायची असते. जुन्या आर44 मध्ये नसलेली बाजूच्या धडकेची चाचणीही त्यात आली. सासूबाई ऐकून घेतल्या आणि म्हणाल्या, "बरं, मग आरसा लाव." लावला.

मागे तोंड केलेल्या सीटची अडचण वेगळीच. ती लांबीला जागा खाते. ड्रायव्हरच्या मागे ठेवली की सहा फुटी नवऱ्याचे गुडघे स्टिअरिंगला टेकत. म्हणून दर वेळी विक्रेत्याला सांगावं लागे, "आधी याला त्याच्या नेहमीच्या पद्धतीने पुढे बसू दे, मग मागे सीट लावू." बहुतेक जण उलटं करतात, मागे सगळं छान बसवतात आणि मग पुढचा माणूस अंग चोरून बसतो.

चौथी गाडी वापरलेली होती, तीन वर्षांची. दारं सरकती, आणि त्या एका गोष्टीवर मी निम्मी भाळले होते. शेजारच्या गाडीला चिकटून उभं राहिलं तरी दार पूर्ण उघडतं. झोपलेलं बाळ हातात घेऊन वाकायला जागा मिळते. आणि दणकन दार उघडून शेजारच्या गाडीला खड्डा पाडायची थोरलीची सवय आपोआप सुटते. चढावर उभी असताना मात्र ते दार ओढायला भारी जातं, हेही सांगून ठेवते.

तिथेही मधल्या रांगेत तीन जण बसवायचा हट्ट आम्ही सोडला नव्हता. मग मीच म्हटलं, थोरलीला तिसऱ्या रांगेत बसवून पाहू. तिथे आयसोफिक्स नव्हतं, पण साध्या बूस्टरला त्याची गरज नसते, मुलाला गाडीचा बेल्टच धरून ठेवतो. पट्टा मानेवर न येता खांद्याच्या मधोमध येतोय का, खालचा पट्टा पोटावर न चढता मांड्यांच्या वर नितंबाच्या हाडांवर बसतोय का, आणि डोक्याला हेडरेस्ट मिळतोय का, एवढं पाहायचं होतं. तिन्ही जमलं. पडद्यासारखी एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोचते की मधल्याच रांगेत संपते हेही विचारलं. सगळ्या गाड्यांत ती पोचत नाही.

अडलं ते आत शिरण्यात. मधल्या रांगेतली सीट पुढे उलटवून मागे जायची वाट होते, पण तिच्यावर कारसीट अडकवली की ती उलटत नाही. दोन्ही टोकांना कारसीट असतील तर तिसरी रांग बंदच समजा. मग बाळाची सीट डाव्या टोकाला, मधल्याची मध्ये आणि उजवी सीट मोकळी ठेवली. थोरली उजवीकडून सीट सरकवून स्वतः मागे जाते. हा क्रम जमला तो मध्येही आयसोफिक्स होतं म्हणूनच. दोन कारसीट शेजारी आणि तिसरी जागा रिकामी असल्यामुळे सेंटिमीटरचा प्रश्नही संपला. पाच आठवडे मी ज्या पाच सेंटिमीटरसाठी झुरत होते, ते आता लागतच नव्हते!

गाडीचं नाव मुद्दामच सांगत नाही. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत कड्यांची संख्या वेगळी निघाल्याचं आम्ही पाहिलंय, आणि तुमच्या सीट आमच्या नाहीत.

गाडी ताब्यात घ्यायला गेलो त्या दिवशी कागदांवर सह्या व्हायला वीस मिनिटं लागली आणि सीट बसवायला पन्नास. मधल्याचं आणि त्याच्या सीटचं मिळून वजन तेव्हा 30 किलो भरलं. आय-साइजमध्ये कड्यांवर टांगायची मर्यादा 33 किलोची, म्हणजे वर्षभरात त्याचीही सीट बदलावी लागणार. नवरा म्हणाला, "परत मोजपट्टी?" मी ती पुढच्या कप्प्यातच ठेवली होती.

तिसरी रांग उभी असली की डिकीत बाबागाडी मावत नाही, हे मात्र आम्ही तपासलंच नव्हतं. ती आता उजव्या मोकळ्या सीटच्या पायाशी आडवी असते. थोरलीला आत जायचं असलं की आधी ती बाहेर येते, मग थोरली आत जाते, मग ती पुन्हा आत जाते. मागे बसलेली थोरली तिथून ओरडते, "माझं दार लावलं का?"