हरमनप्रीत की रोहिदास? बचावपटू निवडताना गोल बाजूला ठेवा

भारतीय पुरुष हॉकी संघातला सगळ्यात चांगला बचावपटू कोण, असा वाद निघाला की बहुतेक जण डोळे झाकून हरमनप्रीत सिंगचं नाव घेतात. त्यांचं चुकतं असंही म्हणवत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याचे ६ गोल होते, पॅरिसमध्ये १०, आणि पॅरिसमध्ये त्याच्याइतके गोल कुठल्याच देशाच्या खेळाडूने केले नाहीत. स्पेनविरुद्ध कांस्यपदकाच्या सामन्यात भारत २-१ ने जिंकला, ते दोन्ही गोल त्याचेच. जगातला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू हा मान त्याला तीनदा मिळाला आहे. पण हे गोल झाले समोरच्या डीमध्ये, म्हणजे त्यांच्या गोलसमोरच्या अर्धवर्तुळात. आपल्या डीमध्ये संकट आलं की पुढे कोण धावतं, असं विचारलंत तर माझं उत्तर त्याच संघातला बचावपटू अमित रोहिदास. आणि बचावपटू निवडायचा तर हाच प्रश्न आधी विचारला पाहिजे.

रोहिदासचं खरं काम पेनल्टी कॉर्नरच्या वेळी दिसतं, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या फाऊलबद्दल समोरच्या संघाला गोलची संधी मिळते तेव्हा. गोलकीपर धरून पाच जण मागच्या रेषेमागे उभे राहतात, बाकीचे सहा मध्यरेषेपलीकडे जातात. समोरच्या संघाचा खेळाडू गोलखांबापासून १० मीटरवरून चेंडू आत ढकलतो, तो डीच्या बाहेर थांबवला जातो आणि ड्रॅग फ्लिक करणारा तो ओढून गोलवर फेकतो. हे सगळं जेमतेम दीड सेकंदात होतं आणि चांगल्या फ्लिकचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो. या चेंडूवर सरळ धावून जायचं, हे पहिल्या रशरचं काम. अंगावर संरक्षण म्हणजे चेहऱ्याला मास्क, हातमोजे आणि गुडघ्याची पॅड. बस.

नुसती हिंमत असून भागत नाही. गोल ३.६६ मीटर रुंद असतो. रशरने त्याची एक बाजू बंद करायची, दुसरी गोलकीपरने सांभाळायची, हे दोघांनी आधीच ठरवलेलं असतं. रशर धावता धावता अर्धा मीटर जरी आत सरकला, तर तो गोलकीपरच्या आणि चेंडूच्या मध्ये येतो. गोलकीपरला फ्लिक सुटतानाचा चेंडू दिसतच नाही आणि गोल झाल्यावर खापर मात्र त्याच्या माथी फुटतं. म्हणून रिप्ले गोलच्या मागच्या कॅमेऱ्यातून दाखवतात तेव्हा चेंडू सोडा आणि रशरची धाव बघा. रोहिदास शेवटपर्यंत आपली रेघ सोडत नाही. कंबरेत वाकलेला, स्टिक जमिनीलगत पुढे ताणलेली, आणि फ्लिक करणाऱ्यापाशी पोहोचताना वेग किंचित आवरलेला. हा आवरलेला वेग फार महत्त्वाचा आहे. फ्लिक न मारता चेंडू बाजूला सरकवला, तर सुसाट आलेला रशर तसाच पुढे निघून जातो आणि दुसऱ्या रशरवर दोघांचं काम पडतं.

नियमही रशरला फारशी दया दाखवत नाहीत. चेंडू ढकलण्याआधी पाय पुढे पडला, तर त्या खेळाडूला मध्यरेषेपलीकडे पाठवतात, त्याच्या जागी कुणी येत नाही, आणि तोच कॉर्नर चौघांनी वाचवायचा. पहिल्या फटक्याच्या वेळी रशर ५ मीटरच्या आत असेल आणि चेंडू गुडघ्याच्या खाली लागला, तर पुन्हा कॉर्नर. नीट उभ्या पवित्र्यात असताना गुडघ्यावर किंवा त्याच्या वर लागला, तर फटका धोकादायक ठरतो आणि फ्री हिट बचाव करणाऱ्याला मिळते. म्हणजे सुटका हवी असेल तर चेंडू आणखी वर अंगावर घ्यायचा! वर्षानुवर्षं केलेल्या अशा कामासाठी कुणाचं नाव स्कोअरबोर्डवर येत नाही, म्हणूनच वादात ते कुणाला आठवत नाही.

रोहिदासची किंमत पॅरिसमध्ये दोन दिवसांत दिसली. ४ ऑगस्ट २०२४ ला ग्रेट ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात चेंडू घेऊन निघताना त्याची स्टिक विल कॅलननच्या चेहऱ्याला लागली आणि १७व्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं. भारत उरलेला सामना दहा जणांनी खेळला, १-१ असा टिकवला आणि शूटआउटमध्ये ४-२ ने जिंकला. गोलकीपर श्रीजेशचं त्या दिवशी जितकं कौतुक करावं तितकं थोडंच. पण रोहिदासवर एका सामन्याची बंदी आली आणि ६ ऑगस्टला जर्मनीविरुद्ध उपांत्य सामन्याला तो बाहेर. भारत २-३ ने हरला. त्यात जर्मनीच्या गोन्झालो पेयाटचा गोल पेनल्टी कॉर्नरवरचा होता. रोहिदास असता तर तो गोल नक्कीच अडला असता, असा दावा कुणी करू नये. एवढं मात्र खरं, की पेयाटसारखा फ्लिक करणारा समोर असताना आपला ठरलेला पहिला रशर मैदानात नव्हता.

आता चालू खेळाकडे. हॉकीत डावखुरी स्टिक नसते आणि चेंडू फक्त सपाट बाजूने खेळता येतो. त्यामुळे बचावपटूची उजवी बाजू पक्की, डावी कच्ची. जाणता बचावपटू समोरच्यापेक्षा अर्धं पाऊल डावीकडे उभा राहतो आणि त्याला आपल्या उजवीकडून जायला भाग पाडतो. डाव्या बगलेवर खेळणाऱ्याची इथेच परीक्षा असते, कारण बाजूच्या रेषेकडून पळणारा फॉरवर्ड नेमका त्याच्या कच्च्या बाजूने जातो. तिथे जॅब कामाला येतो, म्हणजे एका हाताने स्टिक चटकन पुढे खुपसून तितक्याच चटकन मागे घ्यायची. नवखा खेळाडू जॅब करताना पूर्ण वजन पुढच्या पायावर टाकतो. चेंडू हुकला की तो तिथेच रुततो आणि समोरचा मोकळा.

डीच्या आत तर टॅकलपेक्षा, म्हणजे चेंडू हिसकावण्यापेक्षा, पाय सांभाळणं मोठं. मागच्या रेषेजवळ पोहोचलेला चलाख फॉरवर्ड बऱ्याचदा गोलचा विचारच करत नाही, तो बचावपटूचा पाय शोधतो. पायाला चेंडू लागला की कॉर्नर. त्यामुळे सामना बघताना कुणी किती टॅकल केले यापेक्षा कॉर्नर कशामुळे दिला गेला, याची नोंद ठेवा. पाय मधे आला, स्टिकवर स्टिक मारली, की आपल्या मागच्या रेषेपासून २३ मीटरच्या आत मुद्दाम फाऊल केला? चार-पाच सामन्यांत चित्र बरंच स्पष्ट होतं.

हरमनप्रीतचं पारडं एका गोष्टीत निर्विवाद जड आहे: मागून उचललेला लांब हवाई पास. ४०-५० मीटरचा तो चेंडू समोरच्या संघाचा अख्खा दबाव एका फटक्यात ओलांडतो. झेलणाऱ्याने चेंडू खाली घेऊन ताब्यात आणेपर्यंत प्रतिस्पर्ध्याला ५ मीटरच्या आत त्याच्याकडे जाता येत नाही. मात्र चेंडू जिथे पडतो तिथे दोघे जण असतील आणि आधी कोण पोहोचलं हे स्पष्ट नसेल, तर ज्या संघाने तो उचलला त्यानेच माघार घ्यायची असते. म्हणजे मोकळी जागा आधी हेरावी लागते. हरमनप्रीत ती हेरतो, आणि म्हणून संघासाठी सगळ्यात मोलाचा खेळाडू तोच, हे मी बिनशर्त मान्य करतो. सर्वोत्तम बचावपटू म्हणून मात्र मत रोहिदासलाच.

जरमनप्रीत सिंग, संजय आणि सुमित या बाकीच्या बचावपटूंची नावं या वादात फार मागे पडतात. सुमित टोकियोत मधल्या फळीत होता आणि पॅरिसमध्ये बचावात. त्यामुळे दबावाखाली चेंडू अंगाजवळ धरून फिरवायची सवय त्याच्याकडे आधीपासून आहे, आणि बचावफळीत ती फार थोड्यांकडे असते.

रोहिदास ओडिशातल्या सुंदरगड जिल्ह्यातल्या सौनामाराचा, म्हणजे दिलीप तिर्कीच्याच गावचा. तीन ऑलिंपिक खेळलेल्या तिर्कीनेही आयुष्यभर बचावच सांभाळला. २०२५ मध्ये राजगीरला आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात भारताने कोरियाला ४-१ ने हरवलं, त्यातला चौथा गोल रोहिदासचा, तोही पेनल्टी कॉर्नरवर. पण त्याचा जन्म १९९३ चा, म्हणजे तिशी कधीच उलटली. श्रीजेश निवृत्त झाल्यावर गोलमध्ये कृशन पाठक आणि मुंबईचा सूरज करकेरा आले. बाजू वाटून घेण्याचा तो सगळा हिशेब त्यांना रोहिदासबरोबर नव्याने बसवावा लागला आहे, आणि रोहिदासनंतर येणाऱ्या पहिल्या रशरबरोबर पुन्हा एकदा बसवावा लागेल. तो रशर कोण, यावर वाद घालायला मला जास्त आवडेल.