गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पानं पेटवून बघितली त्याची गोष्ट

मार्चमध्ये चार दिवस वाळपईला होते. मैत्रीण जंगलातलं कुठलं पान किती लवकर पेट घेतं यावर काम करते, तिला हाताखाली माणूस हवं होतं. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईच्या अभयारण्यात आगी लागल्या, हेलिकॉप्टरने पाणी टाकावं लागलं, तेव्हापासून हा विषय माझ्याही डोक्यातून जात नव्हता.

दुपारी बारा ते तीन पानं तोडायची, कारण तेव्हा ती सगळ्यात सुकी असतात. लगेच पिशवीत बंद करून वजन, मग ओव्हनमध्ये दोन दिवस ७० डिग्रीला आणि परत वजन. दहा ग्रॅमचं चार ग्रॅम उरलं तर पाणी १५० टक्के. मला वाटलं हिचं काहीतरी चुकलं, पण हा हिशोब सुक्या वजनावर करतात म्हणून शंभरच्या वर जातो.

नंतर घरामागच्या खळ्यात पत्र्याचा ट्रे, लायटर, स्टॉपवॉच. सुकलेलं सागाचं पान वळून द्रोणासारखं होतं, खालून हवा मिळते, एका पानावरून दुसऱ्यावर ज्योत पळतच जाते. बारीक पानांचा थर मात्र चपटा बसतो, तो नुसता धुमसतो. म्हणजे पान किती सुकं एवढंच बघून भागत नाही, ते जमिनीवर कसं पडतं तेही बघावं लागतं, आणि हे मला त्या ट्रेसमोर उकिडवं बसूनच कळलं. रानमोडी नावाच्या झुडपाने मात्र घाबरवलं. तिच्यात तेल असतं, पूर्ण सुकलेली नव्हती तरी तडतडून पेटली, आणि हीच रानमोडी रस्त्याकडेला, पडीक काजूच्या बागांत, जंगलाच्या कडेने सगळीकडे माजलीय!

ज्यांच्या घरी राहिलो ते आजोबा म्हणाले, "माट्टीला काय होत नाही गो, तिची साल बघ." माट्टी म्हणजे ऐनाचं झाड. मगरीच्या पाठीसारखी जाड, भेगाळलेली साल, खालून काळी पडलेली आणि वर कोवळी पालवी. मी किती वेळ हात लावून उभी होते.

शेवटच्या दिवशी आजोबा आम्हाला बांबर गावात निरंकाराच्या देवराईत घेऊन गेले. बाहेर रान करपलेलं आणि आत भर मार्चमध्ये चिखल, रानजायफळाची मुळं गुडघ्यासारखी वर आलेली, चपला हातात घेऊनच चालावं लागलं. राईतलं पान उचलायचं नाही असं आजोबांनी आधीच सांगितलं होतं. मैत्रिणीने पिशवी घडी करून खिशात ठेवली आणि वहीत फक्त 'ओलं' असं लिहिलं.