मोरीचे सांधे: दुसरी खेप

गेल्या मे महिन्यात मोरीच्या फरशीतल्या भेगा व्हाइट सिमेंटने भरल्या होत्या. पोळ्यापर्यंत निम्म्या जिथल्या तिथे उघडल्या आणि उरलेलं सिमेंट नखाने खरवडलं तरी भुकटी होऊन निघायला लागलं. दिवाळी झाल्यावर पुन्हा कामाला हात घातला. मोरी चार बाय सहा फूट, फरश्या फूटभराच्या, सांधा ३ मिलिमीटर रुंद. फरश्यांमधले सगळे सांधे मिळून ३८ फूट.

शनिवार
भरायच्या आधी भेगा नीट पाहिल्या, तर तीन तऱ्हेच्या निघाल्या. नळाखाली भेग नाहीच, तिथलं ग्राउट, म्हणजे सांध्यात भरलेला माल, झिजून खोल गेलंय. त्याला कारण मी. आमच्याकडे जळगावात बोअरच्या पाण्याचा पांढरा थर फरशीवर बसतो, तो काढायला दर महिन्याला ॲसिड ओतायचो. ॲसिड क्षार खातं, तसंच सिमेंटही खातं. ते आता बंद. दुसरी भेग भिंत आणि फरशी मिळते त्या कोपऱ्यातून, केसासारखी. तिसरी मधल्या दोन फरश्यांच्या चारी बाजूंनी.

शेजारच्या आबांनी उभी हयात गवंडीकाम केलं. त्यांना दाखवलं तर म्हणाले, "पहिले ठोकीसन देख, मंग भर." रुपयाच्या नाण्याने एकेक फरशी वाजवली. त्याच दोन फरश्या बद्द वाजल्या, म्हणजे खालून पोकळ. पायाखाली फरशी हलत असेल तर वरून कितीही चांगलं ग्राउट भरा, ते तडकणारच. मेमध्ये मी नेमकं हेच पाहिलं नव्हतं.

रविवार
दोन्ही फरश्या काढल्या. एक अख्खी निघाली, दुसरी फुटली. माळ्यावर जुन्या चार फरश्या होत्या म्हणून निभावलं. खाली माल फक्त पाच ठिपक्यांत लावलेला, मधे सगळी पोकळी. जुना माल छिन्नीने काढून टाइल ॲडहेसिव्ह दातेरी थापीने पूर्ण पसरलं आणि फरश्या दाबून बसवल्या. चोवीस तास कुणी पाय ठेवला नाही, आंघोळी मागच्या अंगणात.

सोमवार, मंगळवार
सांधे खरवडले. हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा कापडात गुंडाळून धरला. फरशी ८ मिलिमीटर जाड आहे, म्हणून निदान ५ मिलिमीटर खोल गेलो. जुन्यावर नुसता पातळ हात फिरवला तर तो पापुद्र्यासारखा सुटतो. नंतर ब्रशने धूळ काढली, ओलं फडकं फिरवलं. पाणी साचू दिलं नाही.

बुधवार
पॉलिमर असलेलं सिमेंट ग्राउट आणलं. पाणी पाकिटावर लिहिलंय तेवढंच. सैल कालवलं की भरायला सोपं जातं, पण वाळताना आकसतं आणि पुन्हा बारीक चिरा. कालवून दहा मिनिटं ठेवलं, परत घोटलं, रबराच्या पत्तीने तिरपं दाबत भरलं. पंधरा-वीस मिनिटांनी घट्ट पिळलेल्या स्पंजाने, तोही तिरपाच फिरवून, पुसून काढलं. सरळ फिरवला तर सांध्यातला माल उचलून आणतो. किलोच्या पाकिटातलं निम्मंही लागलं नाही.

पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं. सिमेंट नुसतं वाळून घट्ट होत नाही, त्याला पाण्याची गरज असते. आमच्या मेच्या उन्हात पारा ४४-४५ च्या घरात, त्यात भरलेलं सिमेंट घट्ट होण्याआधीच कोरडं पडलं होतं. भुकटी त्याचीच. खान्देशात हे काम हिवाळ्यातच घ्यावं असं माझं ठाम मत झालंय. उन्हाळ्यात करायचंच झालं तर पहाटे, आणि वर ओलं गोणपाट.

रविवार
कोपऱ्यात ग्राउट भरलं नाही. आमचं घर काळ्या मातीवर आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तळमजल्याची फरशी भिंतीपासून किंचित हलत राहते. तिथे ताणलं जाणारं काहीतरी हवं, म्हणून कोपरा कोरडा करून सिलिकॉन लावलं. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एका दमात फिरवलं, चिकटपट्टी लगेच ओढली. उद्यापर्यंत मोरी बंद.

भिंतीवर आणि फरशीवर, कोपऱ्याच्या दोन्ही अंगांना, पेन्सिलीने एकेक खूण केलीय. मधलं अंतर आज ४० मिलिमीटर. मेअखेरीस एकदा आणि चांगला पाऊस झाल्यावर एकदा पुन्हा मोजणार, आकडे इथेच टाकीन.