बंदराच्या ट्रॅकवरचे 19 दिवस

मला या गेमबद्दल मनापासून प्रेम आहे आणि त्यातल्या एका अटीबद्दल अजूनही राग आहे. दोन्ही सांगायचंय, म्हणून गेमचं नाव लिहीत नाही. दोघा-तिघांनी मिळून बनवलेला छोटा कार्ट रेसिंग गेम आहे. दिसायला अगदी 16 बिटच्या जमान्यातला: सपाट जमीन, मोठेमोठे पिक्सेल, गाड्या म्हणजे वेगवेगळ्या कोनांतून काढलेली चपटी चित्रं. चार कप, प्रत्येकात चार ट्रॅक. पहिले तीन कप मी आठवड्याभरात जिंकले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग चौथ्या कपवर कुलूप दिसलं. तिसऱ्या कपच्या चारही ट्रॅकवर टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकट्याने घड्याळाशी लावलेल्या शर्यतीत, गेम बनवणाऱ्यांच्या घोस्टला हरवा, तरच चौथा कप उघडेल. तीन घोस्ट एका रविवारी हरले. चौथा होता रात्रीच्या बंदराचा ट्रॅक, आणि तिथे माझे 19 दिवस गेले.

घोस्ट म्हणजे कुणीतरी आधी मारलेल्या फेऱ्यांची जशीच्या तशी नोंद. पारदर्शक गाडी तुमच्या शेजारून धावते, धडकत नाही, आडवी येत नाही, आणि चुकत तर कधीच नाही. शर्यतीतल्या गाड्यांचं तसं नसतं. या गेममध्ये तुम्ही मागे पडलात की पुढच्या गाड्या जरा हळू होतात, तुम्ही पुढे गेलात की मागच्यांना जोर चढतो. त्यामुळे शर्यत जिंकायला धीर आणि हत्यारं वेळेवर वापरण्याची अक्कल लागते, तर घोस्टला हरवायला घड्याळाइतका काटेकोरपणा. शर्यती जिंकून आलेल्या माणसाला पुढच्या शर्यती खेळू देण्यासाठी ही भलतीच परीक्षा का घ्यायची, हे मला पटलेलं नाही. टाइम ट्रायलसाठी वेगळं पदक ठेवायचं, ज्याला हवं तो मिळवेल.

घोस्टची वेळ 1 मिनिट 31.42 सेकंद. माझी चौथ्या दिवशी 1 मिनिट 31.95 झाली आणि तिथेच रुतून बसली. म्हणजे 0.53 सेकंद कमी पडत होते. फेऱ्या तीन, म्हणून दर फेरीला जवळजवळ दोन दशांश. गेम सेकंदाला 60 फ्रेमने, म्हणजे 60 चित्रांनी, चालतो, त्या हिशेबाने फेरीमागे साधारण 11 फ्रेम. हा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा बरं वाटलं होतं, कारण 11 फ्रेम म्हणजे काहीच नाही असं वाटलं. पुढचा आठवडाभर त्या 11 मधली एकही सुटली नाही.

गाडी बदलून पाहिली. हलकी गाडी पटकन वेग घेते पण तिचा कमाल वेग कमी, जड गाडीचं उलटं. बंदराच्या ट्रॅकवर लांब सरळ रस्ता एकच आहे, त्यामुळे जड गाडीचा फायदा तिथे मिळायचा आणि तीन सलग वळणांच्या गोदामांपाशी सगळा जायचा. मधल्या गाडीवर परत आले. सुरुवातीला मिळणारे तीन बूस्ट, म्हणजे क्षणभर वेग वाढवणारे झटके, सरळ रस्त्यावर वापरून पाहिले, मग वाळूतून आडवं जाताना वापरून पाहिले. वाळूत नेहमी वेग पडतो, बूस्ट चालू असला तर पडत नाही, म्हणून दर फेरीला एक बूस्ट वाळूसाठी राखून ठेवायचा हे नक्की झालं. पण ते घोस्टही करत होता.

मग टीव्हीचं लक्षात आलं. मी कॉम्प्युटर टीव्हीला जोडून खेळते. टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी प्रत्येक फ्रेम थोडा वेळ स्वतःकडे ठेवतो आणि मग दाखवतो. सिनेमा बघताना त्याचा काही त्रास नाही, खेळताना मात्र तुम्ही बघत असता ते घडून गेलेलं असतं. सेटिंगमध्ये गेम मोड चालू केला आणि त्याच संध्याकाळी 1 मिनिट 31.70 आली. अकरा दिवस मी हे न तपासता बोटांना दोष देत होते. तुम्ही टीव्हीवर खेळत असाल तर पहिल्यांदा हे करा, बाकी सगळं नंतर. कंट्रोलरला वायरलेसऐवजी केबलही लावली. त्याने फरक पडला असला तरी मला जाणवला नाही.

उरले 0.28 सेकंद. ते सगळे गोदामांच्या तिसऱ्या वळणावर जात होते. पहिल्या दोन वळणांपर्यंत मी आणि घोस्ट जोडीने असायचो, तिसऱ्यातून बाहेर पडताना तो गाडीच्या निम्म्या लांबीने पुढे. प्रत्येक फेरीत, त्याच जागी.

ड्रिफ्ट कसं चालतं ते सांगते. उडीचं बटण दाबून धरायचं आणि वळायचं, गाडी तिरकी घसरते, मागच्या चाकाखाली आधी निळ्या ठिणग्या उडतात, आणखी धरलं तर नारिंगी. बटण सोडलं की बूस्ट. निळ्याचा छोटा, नारिंगीचा जवळपास दुप्पट. तिसऱ्या वळणावर मला कायम निळाच मिळायचा, नारिंगी व्हायच्या आत वळण संपायचं आणि समोर क्रेनचा खांब यायचा. घोस्ट मात्र नारिंगी घेऊन निघायचा. त्याच वळणावर त्याला नारिंगी होण्याइतका वेळ मिळतो कुठून, हे मला कळेना. सूचनांच्या पानावर एवढंच लिहिलंय: वळताना बटण धरून ठेवा. या एका वाक्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे.

भाचा सुट्टीला आला होता. तो शेजारी बसून बघत होता, पण स्क्रीनकडे नाही, माझ्या हातांकडे. चार-पाच प्रयत्नांनंतर म्हणाला, "मावशी, तू वळण दिसल्यावर बटण दाबतेस. तो दिसायच्या आधीच दाबतो."

मी घोस्टच्या मागे राहून दोन फेऱ्या नुसत्या बघितल्या. खरंच. डाव्या हाताला पेट्यांची रांग आहे, तिसऱ्या पेटीवर पिवळा पट्टा. त्या पट्ट्यापाशी, रस्ता अजून सरळ असतानाच, तो उडी मारतो आणि तिरका होतो. मग स्टिक वळणाच्या उलट दिशेला ढकलतो. ड्रिफ्ट तुटत नाही, फक्त रुंद होतो, गाडी तिरकी असूनही जवळजवळ सरळ जात राहते आणि ठिणग्या साठत राहतात. वळण येतं तेव्हा तो स्टिक आत ओढतो. तोवर नारिंगी तयार.

मला ते वळण आधी का दिसत नव्हतं, याचं कारण या प्रकारच्या चित्रातच आहे. 1992 चा सुपर मारिओ कार्ट हा गेम सुपर निन्टेंडोच्या मोड 7 या चित्र दाखवण्याच्या पद्धतीवर चालायचा, त्यात जमीन म्हणजे एकच सपाट चित्र. ते फिरवता येतं, लहान-मोठं करता येतं, आणि पडद्याच्या प्रत्येक आडव्या ओळीला प्रमाण बदलत नेलं की ते चित्र दूरवर पसरल्यासारखं दिसतं. त्या हिशेबांसाठी कार्ट्रिजमध्ये एक जादा चिप घातलेली होती. हा नवा गेम तीच पद्धत हुबेहूब उभी करतो. पण मग लांबचा सगळा रस्ता क्षितिजापाशी चार-पाच ओळींत चेपला जातो. तिथे वळण असतं, पण दिसतात ते लुकलुकणारे करडे पिक्सेल. जवळ आल्यावर ते अचानक वळण होतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

जुन्या गेममध्ये एकट्याने खेळतानाही पडदा दोन भागांत असायचा: वर शर्यत, खाली ट्रॅकचा नकाशा किंवा मागचं दृश्य. लहानपणी मला ती जागा वाया घालवल्यासारखी वाटायची. आता कळतं की जे डोळ्यांना दिसू शकत नाही ते खालचा नकाशा सांगायचा. या गेमने जुनी जमीन घेतली आणि नकाशा मात्र कोपऱ्यात नखाएवढा ठेवला. सेटिंगमध्ये तो मोठा करता येतो, "दृश्य" नाही, "इतर" या भागात. तो मोठा कराच.

तेव्हापासून मी रस्ता बघणं सोडलं आणि पेटी बघायला लागले. पिवळा पट्टा स्क्रीनच्या डाव्या कडेला लागला की उडी. ठिणग्यांचा रंग बदलायची वाटही बघायची नाही. डोळ्याने बघून बोट हलेपर्यंत पाव सेकंद तरी जातो. मनात "एक, दोन, तीन" मोजायचं आणि तीनला सोडायचं. उलटी स्टिक हाताला बसायला चार दिवस लागले, कारण बोट सवयीने आतच ओढायचं आणि गाडी पेट्यांवर आदळायची. त्या चार दिवसांत वेळ सुधारली नाही, उलट बिघडली, 1 मिनिट 33 पर्यंत गेली. तुमचीही जाईल, तेव्हा जुन्या पद्धतीवर परत जाऊ नका.

एकोणिसाव्या दिवशी रात्री पहिल्या दोन फेऱ्यांत घोस्ट आणि मी एकमेकांत मिसळलेले होतो, त्याची चाकं माझ्या चाकांतून दिसत होती. तिसऱ्या फेरीत पिवळा पट्टा, उडी, उलटी स्टिक, तीनला सुटका. क्रेनच्या खांबाला आरसा घासला असता इतक्या जवळून गेले. 1 मिनिट 31.38. चार शतांश, म्हणजे दोन-अडीच फ्रेम. मी उभी राहिले आणि भाच्याला फोन लावला. खूप अभिमान वाटला, आजही वाटतो.

आणखी एक आठवलं. स्टिक जुनी असेल तर डेड झोन, म्हणजे स्टिक किती हलेपर्यंत गेमने दुर्लक्ष करायचं ती मर्यादा, थोडा वाढवा, नाहीतर सरळ रस्त्यावर गाडी हळूच एका बाजूला ओढत राहते आणि तुम्हाला ती आपली चूक वाटते. आणि एखादं वळण चुकलं की लगेच रिस्टार्ट मारायची सवय मला होती, ती वाईट. पुढची वळणं सरावाला मिळतच नाहीत. चुकलेली फेरीही शेवटपर्यंत न्या.

चौथा कप सुरेख आहे. पावसातला ट्रॅक, मग बर्फाचा, मग ढगांवरचा, आणि शेवटचा असा की मी तो सलग सहा वेळा नुसता बघण्यासाठी खेळले. हा कप जिंकला की आरशातले, म्हणजे डावं-उजवं उलटलेले, ट्रॅक उघडतात, आणि तिथे कसलीच अट नाही, शर्यत पूर्ण केली की पुरे. तिसऱ्या कपलाही तेवढंच हवं होतं. गेम बनवणाऱ्यांना मी तसं लिहून पाठवलंय, पेटी आणि उलट्या स्टिकबद्दल सूचनांच्या पानावर दोन ओळी घाला असंही.