जहांगीरला जायचे तर बुधवारी जावे

मी डोंबिवलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. माझी भाची यंदा इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेची तयारी करते आहे. तिने चित्रे आतापर्यंत पुस्तकात आणि मोबाइलवरच पाहिलेली, म्हणून तिला काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीत न्यायचे ठरवले. पहिला बेत सोमवारचा आखला आणि तो फसला. जहांगीरमधली प्रदर्शने साधारणपणे मंगळवार ते सोमवार अशी आठवडाभर असतात, त्यामुळे सोमवारी दुपारी आम्ही पोहोचलो तेव्हा निम्मी चित्रे खोक्यांत गेलेली होती, आणि रस्त्यापलीकडचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयही सोमवारच्या साप्ताहिक सुट्टीमुळे बंद होते. मंगळवारी मांडणीची आणि उद्घाटनाची गडबड असते, शनिवार-रविवारी गर्दी असते. म्हणून दुसऱ्या खेपेस बुधवार निवडला, आणि तोच वार मी इतरांनाही सुचवेन.

सीएसएमटीला उतरून दादाभाई नौरोजी रस्त्याने हुतात्मा चौकावरून रमतगमत चालत गेल्यास वीसेक मिनिटे लागतात. पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांना चर्चगेट सोयीचे आहे, आणि आता भुयारी मेट्रोचे हुतात्मा चौक स्थानकही जवळ पडते. गॅलरी सकाळी अकराला उघडते आणि संध्याकाळी सातला बंद होते. तिकीट नाही, नोंदणी नाही, आणि कुणाचे कोण म्हणून आलात हे दारात कुणी विचारत नाही. माझ्या मते या वास्तूचे मोठेपण नेमके इथे आहे. सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली. चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी त्यासाठी आग्रह धरला होता, आणि २१ जानेवारी १९५२ रोजी मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. आत शिरण्याआधी प्रवेशद्वारावरचे काँक्रीटचे लाटेसारखे छत थोडे मागे सरकून अवश्य पाहावे. शेजारच्या वस्तुसंग्रहालयाच्या घुमटाशेजारी ते आजही नवे वाटते.

खाजगी गॅलऱ्यांमध्ये बहुधा चित्र भेटते, चित्रकार भेटत नाही. इथे दालन आठवड्यापुरते भाड्याने मिळते आणि ते मिळण्यासाठी चित्रकार अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहतात, त्यामुळे तो आठवडा ते सहसा दालनातच बसून काढतात. सभागृहाच्या दालनात कोल्हापूरकडचे एक प्रौढ चित्रकार खुर्चीवर बसले होते. भाची एका मोठ्या निसर्गचित्रासमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग धीर करून म्हणाली, "काका, हे ब्रशने केलंय का?" ते उठून आले. "नाही बाळा, नाइफने, म्हणजे रंग लावायच्या पातळ सुरीने. समोरून कळायचं नाही, इकडे भिंतीला लागून उभी राहा आणि बाजूने बघ." तिने तसे पाहिले. समोरून सपाट वाटणारे भाताचे खाचर बाजूने पाहताच उंचसखल दिसू लागले. पिवळ्या रंगाचा थर बोटाच्या पेराइतका जाड होता आणि त्याच्या कडेला नाइफने ओढताना खालचा तांबडा रंग धाग्यासारखा वर आला होता. छापील चित्रात हे दिसणे शक्य नाही, आणि मी वर्गात हे कितीही सांगितले असते तरी तिला ते असे समजले नसते. त्यानंतर ते दोघे ओला रंग किती दिवसांनी वाळतो यावर पाऊण तास बोलले. तेव्हा माझी कळकळीची विनंती अशी, की दालनात चित्रकार दिसले तर संकोच न करता त्यांच्याशी बोलावे. किंमत विचारली म्हणजे विकत घेतलेच पाहिजे असे नसते. चित्राखालच्या पट्टीवर लाल टिकली असेल तर ते विकले गेले आहे एवढे समजून घ्यावे. फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नये आणि चित्राला हात लावू नये.

खालची दालने झाल्यावर वरचे हिरजी जहांगीर दालन आणि छायाचित्रांची प्रदर्शने भरणारी टेरेस गॅलरी चुकवू नये. बरेच लोक तळमजल्यावरूनच परत फिरतात. जुन्या लोकांच्या आठवणीतले समोवार हे उपाहारगृह २०१५ मध्ये बंद झाले, त्यामुळे जेवणासाठी बाहेर पडावे लागते.

जेवणानंतर आम्ही रस्ता ओलांडून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात गेलो. ही इमारत म्हणजे त्याच जहांगीर घराण्याच्या देणगीतून १९११ साली बांधलेले सार्वजनिक सभागृह. एके काळी इथे सभा आणि मैफली होत. १९९६ पासून इथे कला संग्रहालय आहे. एका मोठ्या सभागृहाच्या पोटात अर्धवर्तुळाकार मजले चढवल्यामुळे जिन्याने वर जाता जाता प्रदर्शन उलगडत जाते आणि शेवटी आपण घुमटाखाली पोहोचतो. इथे तिकीट आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी जिन्यांचा विचार करून यावे. दोन्ही ठिकाणे एका दिवसात होतात, पण जहांगीर आधी करावे, कारण डोळे ताजे असताना जिवंत माणसाशी बोलणे अधिक पदरात पडते. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा महोत्सवाचे नऊ दिवस या परिसरात पाय ठेवायला जागा नसते. निवांतपणे चित्रे पाहायची असतील तर ते दिवस टाळावेत.

बाहेरच्या पदपथावर चित्रे मांडून बसणाऱ्या कलाकारांसाठीही अर्धा तास राखून ठेवावा. समोर बसवून व्यक्तिचित्र काढून देणारेही तिथे असतात. बसण्याआधी दर ठरवून घ्यावा. भाचीने तिथून एक छोटे जलरंगातले चित्र घेतले आणि ते पुठ्ठ्याच्या नळीत घालून दिले गेले. अशी खरेदी करायची असेल तर साडेचारच्या सुमारास निघून सीएसएमटी गाठावी. त्यानंतर कल्याणकडच्या लोकलमध्ये ती नळी न चेपता डोंबिवलीपर्यंत नेणे फार कठीण जाते.