रोथेनबुर्ग: सव्वातीन लिटरच्या दंतकथेच्या गावी

तिकीट काढताना नाव पूर्ण घाला: रोथेनबुर्ग ओब डेर टाउबर. याच्याशी मिळतीजुळती नावं असलेली गावं जर्मनीत तीन-चार आहेत आणि चुकीच्या गावाचं तिकीट काढणारे दर मोसमात निघतात. व्युर्ट्सबुर्ग किंवा आन्सबाखहून श्टाइनाखला उतरायचं, तिथून छोटी गाडी पंधरा मिनिटांत पोचवते. ती चुकली तर बहुधा तासभर बसून राहा. बायर्न तिकीट (बायर्न राज्यातल्या लोकल गाड्यांचं दिवसभराचं तिकीट) चालतं, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच. स्टेशनपासून र‍्योडर वेशीतून चौकापर्यंत पंधरा मिनिटं चालणं. फरसबंदी दगडी, चाकांच्या बॅगेचे हाल होतात.

दंतकथा अशी. कॅथलिक-प्रॉटेस्टंटांच्या तीस वर्षांच्या युद्धात, ऑक्टोबर १६३१ मध्ये, कॅथलिक सेनापती टिलीने हे प्रॉटेस्टंट गाव घेतलं. त्याच वर्षी मे महिन्यात त्याच्या फौजेने माग्डेबुर्ग हे प्रॉटेस्टंट शहर बेचिराख केलेलं, तेव्हा सगळ्यांचं धाबं दणाणलेलं. टिली म्हणाला, हा वाइनचा सव्वातीन लिटरचा पेला कोणी एका दमात रिकामा केला तर गावाला अभय देतो. माजी महापौर नूशने तो केला. समकालीन कागदपत्रांत यातलं काही नाही. लूट मात्र झाली.

चौकातल्या घड्याळाच्या खिडक्या सकाळी १० ते रात्री १० दर तासाला उघडतात. टिली हातातली सेनापतीची काठी हलवतो, नूश पेला तोंडाला लावतो, संपलं. बाहुल्या १९१० च्या. समोरच्या सेंट जॉर्जच्या कारंज्यापाशी उभं राहा, तिथून घड्याळ थेट समोर येतं. पण यासाठी तासभर ताटकळू नका. त्यापेक्षा जुन्या मठातल्या गावच्या संग्रहालयात तो पेला दाखवतात, तो बघा. त्यावर सम्राट आणि त्याला निवडणारे संस्थानिक व आर्चबिशप रंगवलेत.

सेंट याकोब चर्च टाळू नका. गाव १५४४ मध्ये प्रॉटेस्टंट झालं आणि प्रॉटेस्टंटांनी अशा कॅथलिक वेद्या अनेक ठिकाणी मोडल्या, तरी शिल्पकार रीमेनश्नायडरने कोरलेली पवित्र रक्ताची (ख्रिस्ताच्या रक्ताचा मानला जाणारा थेंब जपणारी) लाकडी वेदी इथे कोणी मोडली नाही. ती मुख्य दालनात नाही, पश्चिमेच्या माडीवर आहे. पायऱ्या चढायचं न सुचल्याने कित्येकजण तिकीट काढूनही ती न बघता परततात.

पेल्याच्या दंतकथेचं नाटक १८८१ पासून नगरभवनाच्या सम्राट-दालनात होतं, पेंटेकॉस्टच्या, म्हणजे ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारच्या सुमारास. संवाद जर्मनमध्ये, म्हणून कथा आधी वाचून जा. त्या दिवसांत गावात खोली मिळणं मुश्कील. आन्सबाखला मुक्काम करा आणि परतीची शेवटची गाडी आधीच बघून ठेवा.