मंग आते कोन येई?

कोणी वावगं काही बोललं नाही. तरी सकाळपासून कशातच लक्ष लागत नाहीये. तव्यावर भाकर करपली, आई नुसती बघत राहिली. तिला सांगण्यासारखं आहे तरी काय?

काल मी शिकवायला जाते त्या शाळेतल्या पोरांना सांगून टाकलं की पुढच्या आठवड्यापासून मी यायची नाही. कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे वर्षाचे 120 तास भरत आलेत, पुढे परीक्षा. पोरं रडतील, गळ्यात पडतील असं धरून चालले होते मी. लिमलेटच्या गोळ्याही नेल्या होत्या, समजूत काढायला. निळ्या दप्तरवाल्यानं वहीतून मान वर न करता विचारलं, ‘मंग आते कोन येई?’ आणि गोळी तोंडात टाकली.

रडायला हवं होतं असं नाही. पण निदान ‘काब्र?’, का म्हणून, एवढं तरी म्हणायचं.

याच पोरावर सगळ्यात जास्त मेहनत घेतली. एकोणऐंशी म्हटलं की हा 89 लिहायचा, दर वेळी. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा आमच्या ओट्यावर नाना आणि पप्पा पोटभर हसले होते. मीही हसले होते. आता ऐंशी ऐकू येतंय म्हणून आठ लिहिणारं पोर समोर बसलं की त्याचं काय चुकतंय हेच सांगता येत नाही. शेवटी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्या तोडून आणल्या, दहा-दहाचे गठ्ठे बांधले, सात गठ्ठे आणि नऊ सुट्या असं रोज मांडलं. वेचणीच्या दिवसांत निम्मा वर्ग वावरात असायचा, तेव्हाही उरलेल्यांना घेऊन बसले. आणि ज्या दिवशी त्यानं न अडखळता 79 लिहिलं, त्या दिवशी मी हौसेनं विचारलं, ‘कोणी शिकवलं रे?’

‘मांगला सालनी ताईनी.’

ती कोण, मी तिला पाहिलेलंही नाही. कालपासून तिचाच राग येतोय. काड्या मी तोडल्या, नाव तिचं! बसमध्ये खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले, शेजारच्या मावशींना वाटलं धूळ गेली.

संध्याकाळी नानांपुढे थोडंसं बोलले तर त्यांनी साने गुरुजी काढले. अमळनेरमध्ये शिकवण्याचा विषय निघाला की गुरुजी निघणारच, सुटका नाही. 1924 ते 1930 प्रताप हायस्कूलमध्ये होते, वसतिगृहातल्या मुलांचे कपडेसुद्धा धुवायचे, वगैरे. ऐकून घेतलं. गुरुजींनी नोकरी सोडली ती सत्याग्रहासाठी. मी सोडतेय कारण वहीत तास भरले. गुरुजींच्या पोरांनी ‘आता कोण येणार’ असं विचारलं असेल का? नानांना हे विचारलं नाही, उगाच आणखी तासभर गेला असता.

रात्री मात्र झोप येईना तेव्हा वेगळंच डोक्यात आलं. आम्ही चौथीत असताना डी.एड.च्या एक ताई पाठ घ्यायला यायच्या. थर्माकोलचा कावळा आणला होता त्यांनी, चोच हलायची त्याची. कावळा लख्ख आठवतो. ताईंचं नाव नाही, चेहरा नाही, शेवटच्या दिवशी आम्ही काय केलं तेही नाही. बहुधा गोळ्याच खाल्ल्या असतील. बिचारी तीही बसमध्ये रडली असेल, आणि आम्हाला पत्ता नाही.

या पोरांना तर सवयच झालीय. आमच्या कॉलेजची ताई येते, जाते, दुसरी येते. खिचडीची ताटं धुऊन लावावीत तितक्या सहज त्यांनी माझी जागा मोकळी केली. वाईट वाटतंच, पण त्या पोरानं प्रश्न कामाचा विचारला. खरंच, कोण येणार?

म्हणून जी कोणी येईल तिच्यासाठी एक पान लिहायला घेतलंय. जोडाक्षरांवर कोण अडतं, हातचा घ्यायला कोण विसरतं, बाजाराच्या दिवशी नवीन काही काढू नकोस, अर्धी पोरं आईबरोबर गेलेली असतात. मागल्या सालच्या ताईनं माझ्यासाठी असं काही ठेवलं नव्हतं, हे मुद्दाम लिहिलं होतं, मग खोडलं. एकोणऐंशीबद्दल लिहिलं. आणि खाली मोठ्या अक्षरात: गठ्ठ्यांचे रबर माझे आहेत, जपून वापर, पोरं ते मनगटात घालून घरी नेतात.